ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे, फ्लेक्स व पत्रिका छापणारे, एम्ब्रॉयडरीची डिझाइने काढून देणारे, घराचा नकाशा संगणकावर उभा करून दाखवणारे असे असंख्य छोटे व्यावसायिक आज महाराष्ट्रातील गावोगावी आहेत. त्यांच्या धंद्याची सारी भिस्त एका संगणकावर असते. हा संगणक पुष्कळदा कंपनीने तयार करून विकलेला, आणि बरेचदा एखाद्या मोठ्या कचेरीत तीन-चार वर्षे राबून सेकंडहँड बाजारात आलेला असतो. काम वाढते, गिऱ्हाईक फोर-के चित्रीकरण मागू लागते, संगणक अडखळू लागतो, आणि मग कुणीतरी सांगतो, "एक दमदार ग्राफिक्स कार्ड टाका, सगळे सुरळीत होईल."

हा सल्ला अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा न विचारल्यामुळे मेहनतीचे पैसे वाया जातात. हप्त्यावर कार्ड घेतले जाते. घरी आणल्यावर कळते की ते कॅबिनेटमध्ये बसतच नाही. बसले तर त्याला लागणारी वायर एसएमपीएसमध्ये नाही. वायर जुगाड करून जोडली तर काम ऐन रंगात असताना संगणक बंद पडतो. दुकानदार म्हणतो, कार्ड चांगले आहे, संगणक तुमचा. संगणक विकणारा म्हणतो, मी दिला तेव्हा चालत होता. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात आणि नुकसान मात्र तिसऱ्याचे होते. लग्नसराईच्या महिन्यात आठ दिवस संगणक बंद राहिला तर त्या व्यावसायिकाचे काय होते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट मांडू इच्छितो. तयार संगणकाच्या बाबतीत कोणते कार्ड घ्यावे हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, आपल्या कॅबिनेटमध्ये काय आहे? या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून झाल्याशिवाय बाजारात पाऊल टाकू नये.

तयार संगणक कशासाठी बनतो?

१९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची मापे ठरवून दिली. मदरबोर्ड केवढा असावा, त्याचे स्क्रू कुठे यावेत, एसएमपीएसची वायर कशी असावी, हे त्यात ठरले. यामुळेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये चार दुकानांतून चार भाग घेऊन संगणक जोडता येतो. एक भाग बिघडला की तेवढाच बदलता येतो.

मोठ्या कंपन्यांच्या कचेरीसाठीच्या संगणकांचे असे नसते. ते बँका, विमा कंपन्या आणि कॉल सेंटर यांच्यासाठी बनतात. तिथे पत्रव्यवहार आणि हिशेब होतात. एकाच वेळी हजार नग घेणाऱ्या गिऱ्हाइकाला कमी जागा, कमी वीज आणि कमी किंमत हवी असते. म्हणून कंपनी कॅबिनेट छोटे करते, एसएमपीएस कामापुरता देते आणि मदरबोर्ड स्वतःच्या मापाचा बनवते. यात फसवणूक नाही. ज्या कामासाठी तो संगणक बनला, ते काम तो वर्षानुवर्षे चोख करतो. अडचण उद्भवते ती आपण त्याच्याकडून वेगळे काम मागतो तेव्हा.

एक उदाहरण घेऊ. डेल कंपनीचा ऑप्टिप्लेक्स ९०२० हा २०१३ सालचा संगणक पुढे सेकंडहँड बाजारात भरपूर आला. त्याच्या मिनी टॉवर प्रकारात २९० वॅटचा आणि छोट्या, आडव्या प्रकारात २५५ वॅटचा एसएमपीएस असतो. त्याच्या मदरबोर्डला वीज देणारी मुख्य वायर बाजारातल्या नेहमीच्या २४ पिनांची नसून ८ पिनांची आहे. म्हणजे एसएमपीएस अपुरा पडला म्हणून दुकानातून साधा एसएमपीएस आणला तर तो सरळ जोडला जात नाही. मिनी टॉवरमध्ये तो बसवता येतो, पण २४ पिनांवरून ८ पिनांवर नेणारी वेगळी केबल मिळवावी लागते. आडव्या प्रकारात तर नेहमीच्या आकाराचा एसएमपीएस बसतच नाही. एचपी आणि लेनोव्हो यांच्या कचेरीसाठीच्या अनेक संगणकांतही मदरबोर्डच्या विजेची वायर अशीच वेगळ्या धाटणीची आढळते. नाव मोठे आहे म्हणून भाग बाजारात सहज मिळतील, हा समज येथे खोटा ठरतो.

विजेचा हिशेब

मदरबोर्डवरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसते त्याला पीसीआय एक्सप्रेस स्लॉट म्हणतात. या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज घेता येते. त्याहून जास्त लागत असेल तर एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर यावी लागते. सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५ वॅट आणि आठ पिनांच्या वायरीतून १५० वॅट मिळतात. काही छोट्या संगणकांत तर कंपनी स्वतःच्या पुस्तिकेत स्लॉटसाठी ७५ वॅटहूनही कमी मर्यादा देते. ती पुस्तिका कंपनीच्या वेबसाइटवर मोफत मिळते. ती वाचण्याचा आळस करू नये.

आता हिशेब मांडू. वर सांगितलेल्या मिनी टॉवरमध्ये ८४ वॅटचा प्रोसेसर आहे असे धरा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ढोबळमानाने ५० वॅट धरा. बेरीज १३४ झाली. त्यात ७५ वॅटचे कार्ड घातले तर २०९. एसएमपीएस २९० वॅटचा आहे, म्हणजे हाताशी ८० वॅट शिल्लक राहतात. हा हिशेब जमतो. त्याच जागी १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० घातले तर बेरीज ३०४ होते. हा हिशेब कागदावरच तुटतो, आणि शिवाय त्या एसएमपीएसमध्ये आठ पिनांची वायरही नसते. कार्ड बनवणारी कंपनी आरटीएक्स ३०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते आणि जीटीएक्स १६५० साठी ३०० वॅटचा. हे आकडे खोक्यावर आणि वेबसाइटवर छापलेले असतात.

केवळ एकूण वॅट पाहून भागत नाही. कार्डाचे काम मुख्यतः १२ व्होल्टच्या विजेवर चालते. एसएमपीएसच्या लेबलावर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्यास १२ ने गुणावे. १८ अँपिअर लिहिले असतील तर २१६ वॅट झाले. लेबलावर वर मोठ्या अक्षरांत काहीही लिहिलेले असो, कार्ड आणि प्रोसेसर यांना मिळून एवढीच वीज मिळणार. स्वस्तातल्या बिननावाच्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेले असते आणि १२ व्होल्टचा हिशेब केला तर निम्मेही भरत नाही, असे प्रकार बाजारात आहेत.

याच ठिकाणी कन्व्हर्टरचे भूत उभे राहते. "वायर नाही? हरकत नाही, पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर लावतो," असे सहज म्हटले जाते. डिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरीच्या टोकाला १२ व्होल्टसाठी तीन बारीक पिना असतात. प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर किंवा ५४ वॅट. तीतून ७५ किंवा १५० वॅट ओढायला लावले तर टोक तापते, प्लॅस्टिक वितळते आणि प्रसंगी जळते. पन्नास रुपयांच्या तुकड्यावर हजारोंचा माल आणि गिऱ्हाइकाचे चित्रीकरण सोपवणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. अशा कन्व्हर्टरला आमचा ठाम विरोध आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते, ती म्हणजे यूपीएस. छोट्या दुकानांत बहुधा ६०० व्हीए चा यूपीएस असतो. त्याची प्रत्यक्ष क्षमता साधारण ३६० वॅट असते आणि त्यावर मॉनिटरही चालतो. मोठे कार्ड बसवल्यावर वीज गेली की असा यूपीएस एकतर मिनिटभरात मान टाकतो किंवा ओव्हरलोड होऊन लगेच बंद पडतो. भारनियमनाचा त्रास असलेल्या भागात कार्डाच्या खर्चात यूपीएसचा खर्च धरलाच पाहिजे.

जागा, पडदा आणि जुना मदरबोर्ड

विजेचा हिशेब जमला तरी जागेचा प्रश्न उरतो. आडव्या, छोट्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते. ते घेताना अर्ध्या उंचीची पत्रापट्टी खोक्यात आहे की नाही हे पाहावे. टॉवर असेल तर मोजपट्टी घेऊन स्लॉटपासून डिस्कच्या चौकटीपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. कार्ड दोन स्लॉटची जाडी घेणारे असेल तर शेजारची जागा मोकळी हवी. कार्डाचे पंखे कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटत असतील तर विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात ते कार्ड तापून आपला वेग आपणच कमी करील, आणि मग पैसे वेगाचे दिले व मिळाली मंदगती अशी गत होईल.

मॉनिटरकडेही पाहावे. पुष्कळ दुकानांत अजून निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलचे मॉनिटर चालतात. गेल्या काही वर्षांतील कार्डांवर व्हीजीए असत नाही. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात. म्हणजे चांगल्या प्रतीचा कन्व्हर्टर किंवा नवा मॉनिटर हा खर्च आला. आणि मॉनिटरची केबल नव्या कार्डाला लावायची असते. ती जुन्या जागी, मदरबोर्डलाच लावून ठेवल्यामुळे "कार्ड टाकूनही फरक पडला नाही" अशी तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक प्रत्येक दुरुस्तीवाल्याने पाहिलेले असते.

जुन्या मदरबोर्डचे आणखी दोन नखरे आहेत. यूईएफआय येण्यापूर्वीचे बायोस असलेल्या काही संगणकांत नवे कार्ड घातले तर पडद्यावर काहीच येत नाही. इंटेलची आर्क कार्डे पूर्ण वेगाने चालण्यासाठी रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डमध्ये असावी लागते, आणि जुन्या संगणकांत ती नसते. एएमडीचे आरएक्स ६४०० हे कार्ड ५३ वॅटवर चालते आणि अर्ध्या उंचीतही मिळते, म्हणून छोट्या कॅबिनेटसाठी ते सोयीचे वाटते. परंतु ते स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन वापरते, त्यामुळे जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचा वेग घटतो. व्हिडिओ बनवून देणारे एन्कोडरचे यंत्रही त्यात नाही. म्हणजे आकार आणि वीज दोन्ही जमले, तरी व्हिडिओवाल्याच्या मुख्य कामाला ते फारसे उपयोगी पडत नाही.

नावांचा गोंधळही लक्षात ठेवावा. २०२२ साली आलेले आरटीएक्स ३०५० हे आठ जीबीचे कार्ड १३० वॅटचे आहे आणि त्याला वेगळी वायर लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने सहा जीबीचे कार्ड आले. ते ७० वॅटचे आहे आणि स्लॉटमधल्या विजेवर चालू शकते. तयार संगणकासाठी दुसरे सोयीचे, पहिले बहुधा गैरसोयीचे. दुकानात नुसते "तीस-पन्नास द्या" म्हणणाऱ्याच्या हाती काय पडेल हे नशिबावर राहते.

कामाला कार्ड खरेच हवे का?

येथे आम्ही थोडे परखड बोलू. बरेच लोक ज्या दुखण्यासाठी कार्ड घेतात ते दुखणे कार्डाचे नसतेच. टॅली, पत्रव्यवहार, बिले यांना वेगळ्या कार्डाची गरज नाही. साध्या रेषांचे नकाशे आणि कोरलड्रॉमधील पत्रिका-फ्लेक्स यांचा भार मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर पडतो. फाइल उघडायला पाच मिनिटे लागत असतील तर दोष बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो, आणि तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच जुना संगणक ओळखू येत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले होते, हे लक्षात घेऊन भाव विचारूनच रॅमचा बेत करावा. तरीही योग्य ठिकाणी घातलेली रॅम चुकीच्या ठिकाणी घातलेल्या कार्डापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

कार्डाचा खरा उपयोग कुठे होतो? डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये रंग सुधारताना, प्रीमियर प्रोमध्ये इफेक्ट देताना आणि ब्लेंडरमध्ये त्रिमितीय चित्र रेंडर करताना कार्ड खरोखर राबते. मात्र यातही एक मेख आहे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचे चित्रीकरण पुष्कळदा टेन-बिट ४:२:२ या प्रकारच्या एचईव्हीसी फाइलमध्ये येते. अशी फाइल सुरळीत उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आली. म्हणजे आरटीएक्स ३०६० घेऊन बसलेल्या माणसाची टाइमलाइन अडखळते आणि ज्याच्याकडे वेगळे कार्डच नाही पण प्रोसेसर नवा आहे त्याची सरळ चालते, असे घडू शकते. आपला कॅमेरा कोणत्या प्रकारची फाइल देतो हे न पाहता कार्ड घेणे म्हणजे रोग न तपासता औषध घेणे होय.

तपासण्याचा उपाय मात्र फुकट आहे. रोजचे काम चालू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्सच्या पानावर पाहावे. संगणक अडखळतो त्या क्षणी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आहे, रॅम भरली आहे, डिस्क शंभर टक्क्यांवर आहे की ग्राफिक्स? जो शंभरावर अडकला आहे तोच अडथळा. दोन-तीन दिवस हे पाहून टिपून ठेवले तर निम्म्या लोकांचा कार्डाचा बेत आपोआप बदलेल असे आम्हांला वाटते.

संगणकाचे वय

काही वाचक म्हणतील, कार्ड आज जुन्या संगणकात घालू आणि उद्या नव्या संगणकात नेऊ, पैसे कुठे जातात? या म्हणण्यात तथ्य आहे. कार्ड ही काढून नेता येणारी वस्तू आहे, आणि पूर्ण उंचीचे चांगले कार्ड दोन संगणक पाहू शकते. परंतु जुन्या कॅबिनेटच्या अडचणीपायी घेतलेले अर्ध्या उंचीचे, कमी विजेचे कार्ड नव्या संगणकात नेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा बंद झाली. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. ऑप्टिप्लेक्स ९०२० चा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे. म्हणजे ज्या संगणकाला पुढची विंडोजच अधिकृतपणे चालत नाही, त्यावर कर्ज काढून खर्च करावा काय, याचा विचार झाला पाहिजे. कार्डांचेही वय असते. जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ सालचे कार्ड तयार संगणकांत फार चालले, पण त्याच्या पिढीला नव्या सुधारणांचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आणि पुढे केवळ सुरक्षेच्या सुधारणा देण्याचे ठरवले. स्वस्त मिळते म्हणून आज ते घेणाऱ्याने हे समजून घ्यावे.

आमचे मत असे की, संगणक आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर त्यात एसएसडीपेक्षा मोठा खर्च करू नये. तो हिशेबाच्या कामाला ठेवावा आणि कार्डासाठी साठवलेली रक्कम सुट्या भागांच्या, नेहमीच्या मापाच्या संगणकासाठी वापरावी. सुरुवातीला कार्ड नसले तरी चालेल. एसएमपीएस चांगला, कॅबिनेट हवेशीर आणि मदरबोर्ड नेहमीच्या मापाचा असला की कार्ड पुढच्या हंगामाच्या कमाईतून घालता येते.

बाजारातले धोके

२०२० ते २०२२ या काळात आभासी चलनाच्या खननापायी ग्राफिक्स कार्डांचे भाव गगनाला भिडले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर होणारे त्याचे खनन थांबले. त्यानंतर रात्रंदिवस राबलेली कार्डे ढिगाने सेकंडहँड बाजारात आली. राबलेले प्रत्येक कार्ड वाईटच असते असे नाही. पण ते चालवून, अर्धा तास भार देऊन, पंखे आणि तापमान पाहूनच घ्यावे.

दुसरा प्रकार सरळ लबाडीचा आहे. जुन्या, हलक्या कार्डाच्या चिपमधील माहिती बदलून ते नव्या नावाने विकले जाते. विंडोजही तेच खोटे नाव दाखवते. जीपीयू-झेड नावाची मोफत प्रणाली असे बरेच खोटे प्रकार ओळखून दाखवते. पैसे देण्यापूर्वी ती विक्रेत्यासमोर चालवावी. प्रामाणिक विक्रेता त्यास ना म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट आखाताची. कोकणातील कित्येक घरांतील माणसे दुबई, कुवेत, सौदी येथे नोकरीस आहेत, आणि येताना एखादे कार्ड घेऊन या असा निरोप हमखास जातो. तिथे भाव बरा असेलही. पण पुष्कळ कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात खरेदी झाली तेथेच मिळते. कार्ड बिघडले तर ते पुन्हा कुणाच्या तरी बॅगेतून परत पाठवावे लागते. वाचलेली रक्कम आणि हा धोका दोन्ही तराजूत घालूनच निरोप द्यावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पक्क्या बिलाची. जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेण्याची सवय आपल्याकडे मुरली आहे. जो जीएसटीत नोंदलेला आहे त्याला धंद्यासाठी घेतलेल्या मालावरचा कर नियमांनुसार वजा मिळू शकतो, मग कच्ची चिठ्ठी कशासाठी? आणि जो नोंदलेला नाही त्यालाही वॉरंटी आणि कायदा या दोन्हींसाठी बिलच लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा धंद्यासाठी घेतलेल्या मालाला सहसा लागू होत नाही. परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू त्या अपवादातून वगळलेली आहे. एकट्याच्या बळावर स्टुडिओ चालवणारा माणूस म्हणूनच ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारणा करता येते. हे सर्व हक्क कच्च्या चिठ्ठीवर सिद्ध करणे फार कठीण जाते.

सल्ल्याचे मोल

इतके सगळे सामान्य व्यावसायिकाने कसे तपासावे, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या बाजाराच्या एका खोडीत दडलेले आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, पण सल्ला फुकट मागतो. दुरुस्ती करणारा तरुण घरी येऊन कॅबिनेट उघडतो, लेबल वाचतो, अंतर मोजतो, तासभर डोके लावतो, आणि शेवटी "कार्ड घेऊ नका, एसएसडी टाका" म्हणाला तर त्याच्या हाती काही पडत नाही. कार्ड विकले तरच त्याला चार पैसे सुटतात. मग तो कार्ड घेऊ नका असे का सांगेल? ज्याची रोजी विक्रीवर अवलंबून आहे त्याच्याकडून निःपक्ष सल्ल्याची अपेक्षा करणे हा आपला दुटप्पीपणा आहे.

म्हणून आमची ग्राहकांना विनंती आहे की, तपासणीची फी द्या. वीस-तीस हजारांचे कार्ड घेणाऱ्याने चार-पाचशे रुपये तपासणीस दिले तर ते कार्डाच्या किमतीतच धरावेत. आणि आमच्या तरुण दुरुस्तीवाल्यांना विनंती आहे की, ही फी मागायला लाजू नका. कागदावर लिहून द्या: एसएमपीएस किती वॅटचा, १२ व्होल्टवर किती अँपिअर, मोकळ्या वायरी कोणत्या, कार्डासाठी लांबी व उंची किती, प्रोसेसर कोणत्या पिढीचा, मॉनिटरला जोडणी कोणती, आणि अडथळा नेमका कुठे. खाली तारीख टाकून सही करा. असा कागद देणाऱ्याकडे गिऱ्हाईक स्वतःहून परत येते, आणि चारजणांना घेऊन येते.

दुकानदार बंधूंनाही एक सांगणे आहे. कार्ड मागायला आलेल्या माणसाला "संगणक कोणता, एसएमपीएस किती वॅटचा" एवढे दोन प्रश्न विचारायला एक मिनिट लागते. त्याची उत्तरे बिलावर टिपून ठेवा. उत्तर माहीत नसेल तर लेबलाचा फोटो आणायला सांगून त्याला परत पाठवा. त्या दिवशी एक विक्री कमी होईल, पण वाद होणार नाही आणि माल परत येणार नाही. मालाचा गुण जसा सांगायचा तसे त्याचे न जुळणेही सांगायचे, हा व्यापारातला जुना नियम आहे. आणि तयार संगणक विकणाऱ्यांनी एसएमपीएसचे वॅट व कार्डाला वीज देणाऱ्या वायरी आहेत की नाहीत, हे किमतीच्या पाटीवरच लिहावे. रॅम आणि डिस्क मोठ्या अक्षरांत लिहिली जाते, मग हेच का लपावे?

पुढची लग्नसराई येईल तेव्हा पुन्हा गर्दी होईल, पुन्हा घाई होईल आणि घाईत पुन्हा कार्डे विकली जातील. ज्यांचा बेत आहे त्यांनी आजच, काम थोडे हलके असताना, संगणक बंद करून प्लग काढावा, कॅबिनेटचे झाकण उघडावे आणि एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा. बाजारात जाताना पैशांच्या आधी तो फोटो खिशात असावा.